स्त्रियांच्या दैनंदिन्या व त्यांतील मौन

अमेरिकेंत १८४० नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत हजारों कुटुंबें बैलगाड्यांतून सुमारें २,००० मैल पश्चिमेस ऑरेगॉन व कॅलिफोर्निया या प्रांतीं गेलीं. त्या वाटेवरील स्त्रियांच्या लेखांचा लिलियन श्लिसेल यांनीं संपादिलेला संग्रह १९८२ मध्यें निघाला. केवळ पुरुषांच्या वृत्तांतावर विसंबणाऱ्या इतिहासास त्यानें नवें साधन दिलें, याविषयीं वाद नाहीं. आमचा आक्षेप साधनांच्या प्रतवारीविषयीं आहे.

ग्रंथाचें नांव दैनंदिन्यांचें. परंतु त्यांतील कॅथरिन हॉन हिचा १८४९ च्या प्रवासाचा लेख ही पुढें कन्येस सांगून लिहविलेली आठवण आहे. अमेलिया स्ट्युअर्ट नाइट हिचीं १८५३ चीं टिपणें मात्र वाटेवरचीं. बखर व अस्सल पत्र एकाच रुमालांत बांधावें तसें हें झालें.

नाइटबाई ९ एप्रिल रोजीं पति व सात मुलें यांसह आयोवांतून निघाली. पाऊस, चिखल, ओले कपडे, गुरांचा चारा, गाडीखालीं पडलेला मुलगा, चुकून मागें राहिलेली मुलगी, सर्व कांहीं ती नोंदते. आपली प्रकृति बरी नाहीं हेंही लिहिते. पण ती गर्भवती होती हें वाचकास कळतें तें सप्टेंबरांत, ऑरेगॉनांत पोंचल्यावर आठवें अपत्य जन्मलें तेव्हां! पुढें पतीनें बैलांच्या दोन जोड्या देऊन जमीन व बिनखिडक्यांची एक झोंपडी घेतली, हेंही ती तितक्याच शांतपणें सांगते.

हें मौन संपादिकेच्या दृष्टीस पडलें आहे. त्याचें प्रामाण्य मात्र तपासलेलें नाहीं. आमच्या मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें, पण वस्तु असती तर दिसलीच असती अशा ठिकाणींच. जिथें बोलणें अशिष्ट समजलें जाई तिथें न बोलण्यावरून अभाव सिद्ध होत नाहीं. नाइटबाईचें मौन हें संकोचाचें, कारण रोजची बारीकसारीक नोंद तिच्याच हातची समोर आहे. हॉनबाईच्या लेखांत एखादी गोष्ट नसेल तर ती संकोचानें गाळली, विसरली, कीं कन्येस सांगण्याजोगी वाटली नाहीं, हें कशावरून ठरवावें? दोन्ही मौनें एकाच मापानें मोजून सर्व स्त्रियांच्या मनःस्थितीविषयीं सामान्य सिद्धान्त काढणें आम्हांस धाडसाचें वाटतें.

वाटेवरचीं टिपणें व मागाहूनच्या आठवणी यांचे दोन स्वतंत्र विभाग केले असते, तर अभ्यासकाचें काम पुष्कळ सोपें झालें असतें.