सिंह टी-शर्टवर, मूळ ढोलात

हॉस्टेलमध्ये माझ्याकडे लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा, सिंहाचा टी-शर्ट होता. अर्थ विचारला असता, तर ‘बॉब मार्ली’च्या पलीकडे मला काही सांगता आलं नसतं.

रंग इथिओपियाच्या झेंड्याचे. सिंह १९३० साली राज्याभिषेक झालेल्या सम्राट हैले सेलासीच्या ‘यहूदाचा सिंह’ या बिरुदातला. त्याचं मूळ बायबलमध्ये. जटांसाठीही रास्ताफारी लोक बायबलमधल्या नाझीर व्रताचा आधार देतात. म्हणजे डोळ्यांना दिसते ती बरीचशी बायबलमधून शोधलेली आफ्रिका आहे.

कानांना वेगळी आफ्रिका भेटते. काउंट ऑसीचा ‘ग्राउनेशन’ (१९७३) हा तीन रेकॉर्ड्सचा अल्बम ऐका. बेस, फुंडे, रिपीटर असे तीन ढोल. फुंडे काळजासारखा धडधडत राहतो, रिपीटर त्यावर बोलत सुटतो. जमैकातल्या गुलामांनी जपलेल्या बुरू वादनातून हे आलं. मधली निवेदनं मला लांबलेली वाटतात. पण ढोल सुरू झाले की तक्रार विसरायला होते.

भाषा, नावं, देव हिसकावले गेले, तरी हातांना ठेका आठवत होता. सिंह रास्तांनी निवडला, ढोल त्यांना वारशात मिळाला. दोन्ही खरं आहे. मी मात्र वर्षानुवर्षं फक्त सिंह घालून फिरलो.