प्रोपेर्त्सिया दे रॉस्सी : चरित्र व पुरावा

इटलींतील बोलोन्या नगराची शिल्पकर्त्री प्रोपेर्त्सिया दे रॉस्सी (सु. १४९०–१५३०) हिचें नांव कलेच्या इतिहासांत अपरिचित नाहीं. मोठ्या देवालयाच्या कामावर पुरुष कारागिरांच्या जोडीनें संगमरवर घडवून त्याचें वेतन घेतलेल्या, आणि त्या वेतनाची नोंद शिल्लक राहिलेल्या, अशा युरोपीय स्त्रियांत तिची गणना अगदीं आरंभीं होते. तथापि तिच्याविषयीं जें सांगितलें जातें त्याचा मोठा भाग एकाच ग्रंथकाराच्या लेखणींतून उतरला आहे. त्या लेखणीची परीक्षा करणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

हा ग्रंथकार म्हणजे जॉर्जो वासारी. इटालियन चित्रकार, शिल्पकार व स्थपति यांच्या चरित्रांचा त्याचा संग्रह १५५० सालीं फ्लॉरेन्स येथें छापला गेला. त्या पहिल्या आवृत्तींत स्वतंत्र चरित्राचा मान मिळालेली स्त्री एकच, आणि ती प्रोपेर्त्सिया. १५६८ च्या वाढविलेल्या आवृत्तींत प्लाउतिल्ला नेल्ली, सोफोनिस्बा आंग्विस्सोला इत्यादि चित्रकर्त्रींची हकीकत त्यानें हिच्याच चरित्रास जोडली. वासारी नसता तर हें नांव बहुधा दप्तराच्या तळाशींच राहिलें असतें, एवढे त्याचे उपकार प्रथम मान्य केले पाहिजेत.

त्याची हकीकत थोडक्यांत अशी. प्रोपेर्त्सिया रूपवती होती व गायन-वादनांत नगरांतील स्त्रियांत अग्रेसर होती. तिनें प्रथम सप्ताळूच्या (पीचच्या) कठीण बियांवर कोरीव काम केलें. एका बीवर तर ख्रिस्ताच्या यातनांचा प्रसंग अनेक आकृतींसह उतरविला. पुढें काउंट ग्विदो पेपोली याचा मुखवटा संगमरवरांत घडवून आपली योग्यता पटवून दिली व सान पेत्रोनियो देवालयाच्या दर्शनी भागाचें काम मिळविलें. तेथें तिनें योसेफ व पोटीफराची स्त्री यांचा प्रसंग कोरला. त्या वेळीं एका देखण्या तरुणावर तिचें मन जडलें होतें, पण तो अनुकूल नव्हता. म्हणून या शिल्पांत तिनें आपलीच व्यथा ओतली. चित्रकार आमिको आस्पेर्तिनी यानें मत्सरानें तिची निंदा चालविली, त्यामुळें तिला मोबदला अत्यल्प मिळाला. तेव्हां ती ताम्रपटावरील कोरीव कामाकडे वळली. १५३० सालीं बादशहा पांचवा चार्ल्स याच्या राज्याभिषेकासाठीं पोप सातवा क्लेमेंट बोलोन्येस आला व त्यानें तिची चौकशी केली, तों ती त्याच आठवड्यांत वारली असल्याचें कळलें.

आतां कागद काय सांगतात तें पाहूं. सान पेत्रोनियोच्या जमाखर्चांत १५२५-२६ च्या सुमारास तिला पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. त्या तीन सिबिला (प्राचीन भविष्यवादिनी), दोन देवदूत व दोन प्रसंगपट्ट यांबद्दलच्या आहेत. दुसरे कागद न्यायसभेचे. १५२० च्या सुमारास शेजाऱ्याच्या बागेची नासधूस केल्याचा आरोप तिच्यावर आला. १५२५ सालीं मिओला नांवाच्या चित्रकारानें तिनें आपणावर हल्ला केल्याची फिर्याद दिली, आणि त्या प्रकरणांत तिच्याविरुद्ध बोलणारांत आस्पेर्तिनी होता.

या दोन प्रकारच्या साधनांची सांगड घातली असतां तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट, आस्पेर्तिनीच्या वैराची वार्ता निराधार नाहीं. वासारीनें ती ऐकीव दिली असली तरी न्यायसभेचे कागद तिला पुष्टि देतात. मात्र हे कागद म्हणजेही विरुद्ध पक्षाचें म्हणणें होय. केवळ त्यांवरून तिला भांडखोर ठरविणें हें वासारीवरून तिला विरहिणी ठरविण्याइतकेंच घाईचें होईल.

दुसरी गोष्ट योसेफाच्या शिल्पासंबंधीं. देवालयाच्या मधल्या दरवाज्यावर याकोपो देल्ला क्वेर्चा यानें १४२५ नंतर बायबलांतील उत्पत्तीचे प्रसंग कोरले होते. त्याच धर्तीवर बाजूच्या दरवाज्यांचें काम प्रोपेर्त्सियाच्या वेळीं चालू होतें, व त्यावर त्रिबोलो, आल्फोन्सो लोम्बार्दी यांसारखे शिल्पी खपत होते. योसेफाची कथा उत्पत्तीच्या पुस्तकांतलीच (अध्याय ३९). अशा मालिकेंत ती येणें स्वाभाविक आहे. हा विषय प्रोपेर्त्सियानें आपल्या मनाच्या ओढीनें निवडला असें मानण्यास वासारीच्या शब्दापलीकडे आधार नाहीं. त्रिबोलोच्या पट्टांचा अर्थ लावतांना त्याचें प्रेमप्रकरण कोणी शोधीत नाहीं. मग हिच्याच बाबतींत तें कां शोधावें?

शिवाय खुद्द शिल्पाची साक्ष आहे. पलंगाच्या कडेवर बसलेली स्त्री हात लांबवून योसेफाचा झगा घट्ट धरते; तो तोंड फिरवून वेगानें निसटतो आहे व त्याचीं वस्त्रें वाऱ्यानें फुगलीं आहेत. स्त्रीचा दंड भरीव व बळकट आहे. दोन देह परस्परविरुद्ध दिशांस खेंचले जात असतां मधल्या वस्त्रावर पडणारा ताण दाखविणें हा येथें शिल्पकर्त्रीचा खरा प्रश्न आहे, आणि तो तिनें उत्तम सोडविला आहे. या आकृतींत विरहाचें कारुण्य पाहणारास तें आधी ग्रंथांत वाचावें लागतें.

तिसरी गोष्ट, वासारीच्या स्तुतीचें माप. स्त्रियांनीं कोमल हात कठीण संगमरवरास लावावे याचें त्याला नवल वाटतें. बियांवरील काम निःसंशय कुशल आहे; बोलोन्येच्या मध्ययुगीन संग्रहालयांत तिचें मानलें जाणारें, अकरा कोरीव बिया चांदीच्या जाळीकामांत बसविलेलें ग्रास्सी घराण्याचें चिन्ह त्याची खात्री पटवितें. परंतु नवलाचा सूर एकदां लागला कीं कारागीर मागें पडून कौतुकाची वस्तु उरते. जमाखर्च लिहिणारा कारकून नवल करीत नाहीं. तो काम व रक्कम लिहितो, आणि त्यामुळेंच त्याच्या नोंदींत ती इतर शिल्पकारांच्या पंक्तीस बसलेली दिसते.

वासारीचें बीज पुढें कसें वाढलें हेंही पाहण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच चित्रकार लुई द्युसी यानें तिच्यावर चित्र काढलें, व त्यावरून फेलिशिया हेमन्स या इंग्रज कवयित्रीनें १८२८ सालच्या आपल्या संग्रहांत तिच्यावर कविता घातली. तेथें तिची अखेरची कृति आरियाद्नेचें शिल्प असून, ज्याच्यावर तिचें प्रेम तो रोमन सरदार तें उदासीनपणें पाहतो. सान पेत्रोनियोच्या नोंदींत अशा शिल्पाचा मागमूस नाहीं. बखरी वाचणारांस हा प्रकार ओळखीचा आहे: मूळचें एक वाक्य दोन पिढ्यांत प्रसंग होतें व चार पिढ्यांत इतिहास म्हणून मिरवतें.

तात्पर्य, वासारीकडून तिचें नांव, कृतींची यादी व आस्पेर्तिनीचें वैर घ्यावें. प्रेमभंगाची कथा त्याच्या नांवावरच ठेवावी. योसेफाचा पट्ट सान पेत्रोनियोच्या संग्रहालयांत आहे. तो पाहणाऱ्यानें प्रथम त्रिबोलो व लोम्बार्दी यांच्या कामाशीं त्याची तुलना करावी. त्या तुलनेंत प्रोपेर्त्सियास कमीपणा येण्याचें कांहीं कारण नाहीं, आणि तिच्या योग्यतेचा निर्णय तेथेंच व्हावा हें न्याय्य होय.