३० पैकी ३० : एक जुना पेपर कसा वाचायचा?

मुलांच्या झोपेत अंथरूण ओलं करण्यावर वाचायला घेतलंत की एक पेपर हमखास समोर येतो, ओ. एच. आणि विली मे मावरर या दांपत्याचा, १९३८ सालचा. पद्धत सोपी आहे. गादीवर पॅड, त्याला जोडलेली घंटा. शू झाली की सर्किट जुळतं, घंटा वाजते, मूल जागं होतं. न्यू हेवनमधल्या एका बालसंस्थेतली ३ ते १३ वयाची ३० मुलं घेतली. सगळीच्या सगळी कोरडी झाली, तीही जास्तीत जास्त दोन महिन्यांत.

आता तुम्ही लगेच विचाराल, "कंट्रोल ग्रुप कुठंय? मुलं आपोआप बरी झाली असतील." आक्षेप योग्य आहे, पण तो किती वजनाचा आहे ते मोजा. फोर्सिथ आणि रेडमंड यांनी १९७४ मध्ये ११२९ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यानुसार ५ ते ९ वयात वर्षाला साधारण १४ टक्के मुलं उपचाराशिवाय बरी होतात. म्हणजे ३० पैकी वर्षाला चार, दोन महिन्यांत एकही धड नाही. तेवढ्यानं ३० चा हिशेब लागत नाही.

मला पेपर कच्चा वाटतो तो दुसरीकडे. एक, निवड. तीन वर्षांचं मूल रात्री ओलं होणं स्वाभाविकच आहे. आज पाच वर्षांच्या आत हे निदानच करत नाहीत. दोन, स्पष्टीकरण. मावरर पावलॉवच्या वाटेनं जातात: घंटेमुळे जाग येते, मग भरलेलं मूत्राशयच घंटेचं काम करू लागतं. पण अलार्मनं बरी झालेली बरीच मुलं रात्री उठतच नाहीत, सकाळपर्यंत कोरडी झोपतात. जाग येणं हेच शिकवलं असेल, तर हे कसं? शिवाय घंटा बंद केल्यावर काही मुलांत त्रास परत येतो.

उपाय मात्र टिकला. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत अलार्म उपयोगी ठरला, ब्रिटनच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांतही तो आहे. पण उपाय चालला म्हणून त्यामागचा सिद्धांत सिद्ध होत नाही. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हे दोन दावे वेगळ्या परिच्छेदांत तपासा.

आणि एक श्रेय द्यायलाच हवं. या पेपरनं प्रश्न शिकण्याचा मानला, मुलाच्या खोडीचा नाही. ज्या घरात अजून त्यासाठी मुलाला रागावतात, मारतात, तिथं एवढं पोचलं तरी पुष्कळ.