फोटोमागचा आकडा

पुण्याच्या जुन्या बाजारात मी गेली पंधरा-सोळा वर्षं रविवारी जातो. तिथे रद्दीच्या गठ्ठ्यात कधीकधी फोटो सापडतात. लग्नाचे, बारशाचे फोटो विकणारे वेगळे काढून ठेवतात, कारण त्यांना गिऱ्हाईक असतं. ज्यात काहीच घडत नाही असे फोटो गठ्ठ्यातच राहतात आणि स्वस्तात मिळतात. अशाच एका गठ्ठ्यातून मला पोस्टकार्डाच्या आकाराचा, दातेरी कडांचा एक कृष्णधवल फोटो मिळाला. अर्धी दगडी, अर्धी विटांची एक जुनी भिंत. भिंतीत दार. दाराच्या उंबरठ्यावर नऊवारी नेसलेली, पदर खोचलेली बाई. तिच्या पायाला बिलगलेलं तीनेक वर्षांचं पोर. बाईचा अर्धा चेहरा सावलीत. मागच्या बाजूला जांभळ्या शाईत ‘नि. ३४’ आणि कुणाची तरी न लागणारी सही.

या फोटोनं मला पछाडलं. मी त्यावर एका छोट्या नियतकालिकात लेख लिहिला, ‘उंबरठ्यावरची बाई’. अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा सावलीत, एक पाय आत आणि एक बाहेर, या मांडणीतून मी घर आणि जग, मर्यादा आणि इच्छा असं बरंच काही बाहेर काढलं. आकडा मी पाहिला होता, पण तो स्टुडिओचा नंबर असेल असं समजून सोडून दिला. लेखात रोलाँ बार्थही होता. फोटोतला एखादा तपशील आपल्याला अचानक टोचतो आणि तिथेच फोटोचा खरा अर्थ असतो, हे त्याचं म्हणणं आपल्याकडे फोटोवर लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकानं एकदा तरी वापरलेलं आहे.

पुढे एका वाचनालयात याच विषयावर बोलायला गेलो होतो. पडद्यावर फोटो दाखवला, मागची बाजूही दाखवली. व्याख्यान संपल्यावर दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ जवळ आले. फोटो हातात घेऊन त्यांनी उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाले, “साहेब, ही निशाणी चौतीस आहे. दाव्यात दाखल झालेला फोटो आहे हा.” मग खालच्या कडेला जमिनीवर पडलेल्या पांढऱ्या पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं. ती पट्टी मी चुन्याची रेघ समजत होतो. “ही मोजायची टेप. आणि या बाईंना उभं केलंय ते भिंतीची उंची कळावी म्हणून. बाई फोटोत आहेत, पण फोटो बाईंचा नाही. भिंतीचा आहे.”

त्या रात्री मी माझा लेख पुन्हा वाचला. त्यातलं एकही वाक्य खोटं म्हणता येत नव्हतं आणि एकही खरं नव्हतं. बाई उंबरठ्यावर कुणा अंतःप्रेरणेनं उभी नव्हती, तिला तिथे उभं राहायला सांगितलं होतं. सावली पडली होती, कारण फोटोग्राफरला भिंत उजेडात हवी होती. मला जे टोचलं ते माझंच होतं, मी ते फोटोवर नेऊन ठेवलं होतं. (खुद्द बार्थच्या बाबतीतही हे झालेलं आहे. जेम्स व्हॅन डर झी याच्या १९२६च्या एका कौटुंबिक फोटोतल्या स्त्रीच्या गळ्यातली सोन्याची साखळी आपल्याला टोचते असं तो लिहितो. फोटोत तिच्या गळ्यात मोत्यांची माळ आहे.)

त्या सुमारास मी एजेन आत्जेचे फोटो पाहत होतो, आणि त्याच्याही फोटोंवर आकडे आहेत. काचेच्या निगेटिव्हवर त्यानं कोरलेला क्रमांक बऱ्याच प्रिंटांच्या खालच्या कडेला दिसतो. मागे पेन्सिलीनं जागेचं नाव आणि पुन्हा क्रमांक. चांगल्या छपाईच्या पुस्तकांतून हे क्रमांक पुष्कळदा कापले जातात. मीही आजवर ते नसल्यासारखेच धरले होते. आता तेच आधी पाहू लागलो.

आत्जे १८५७ साली बोर्दोजवळच्या लिबूर्नला जन्मला. लहानपणी पोरका झाला, काही काळ जहाजावर होता, मग फिरत्या नाटक मंडळींतून नट. आवाज गेल्यावर नाटक सुटलं, चित्रकलेत जम बसला नाही, आणि तिशी उलटल्यावर त्यानं फोटोग्राफी हे पोट भरायचं साधन म्हणून धरलं. पॅरिसच्या माँपारनास भागातल्या त्याच्या दारावर पाटी होती, तिचा अर्थ ‘चित्रकारांसाठी कागदपत्रं’. गिऱ्हाइकं कोण? झाड कसं असतं ते पाहून रंगवणारे चित्रकार, नाटकाचे पडदे रंगवणारे, दाराचे लोखंडी कठडे घडवणारे कारागीर, आणि पुढे पॅरिसमधली ग्रंथालयं आणि संग्रहालयं. भात्याचा लाकडी कॅमेरा, तिपाई आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या काचा, असं वीसेक किलोचं ओझं घेऊन तो तीस वर्षं पॅरिस पायी फिरला. आठ हजारांहून अधिक निगेटिव्ह त्यानं केल्या. त्यांपैकी २,६२१ निगेटिव्ह १९२० साली त्यानं फ्रेंच सरकारला दहा हजार फ्रँकला विकल्या. १९२७च्या ऑगस्टमध्ये तो वारला.

त्याच्या फोटोंचे विषय पाहावेत तर ते सगळे रोजचे. दिव्याच्या झडपा विकणारा फेरीवाला, रस्त्यावरचा पेटीवाला आणि त्याच्याबरोबर गाणारी मुलगी, जिन्याचा कठडा, दाराची कडी, दुकानाची पाटी, शहराबाहेर झोपड्यांत राहणारे कागद-चिंध्या वेचणारे लोक. यांतलं त्यानं ‘अर्थपूर्ण’ म्हणून काहीच घेतलेलं नाही. घेतलं ते कुणाला तरी लागेल म्हणून.

नंतर आलेल्या प्रत्येकानं मात्र त्यात आपापला अर्थ पाहिला. १९१२ साली पॅरिसमध्ये सूर्यग्रहण लागलं तेव्हा बास्तीय चौकात माना वर करून, डोळ्यांना काळ्या काचा लावून उभी असलेली माणसं त्यानं टिपली होती. १९२६ साली अतिवास्तववाद्यांनी तो फोटो आपल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर छापला आणि त्याला धर्मांतराशी खेळणारं एक नवंच नाव दिलं. आत्जेच्या शेजारीच राहणारा मॅन रे तो फोटो घेऊन गेला होता. माझं नाव छापू नका, ही नुसती कागदपत्रं आहेत, असं म्हाताऱ्यानं त्याला सांगितल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. मॅन रेची तरुण साहाय्यक बेरेनिस अ‍ॅबट हिनं आत्जेच्या मृत्यूनंतर त्याच्याकडे उरलेला संग्रह १९२८ साली विकत घेतला, चाळीस वर्षं सांभाळला आणि १९६८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला विकला. तिच्या लेखी आत्जे कॅमेऱ्याचा बाल्झाक होता. वाल्टर बेन्यामिनला त्याचे निर्मनुष्य रस्ते गुन्ह्याच्या जागेसारखे वाटले. हे वाक्य इतकं उद्धृत होतं, की बेन्यामिन त्यापुढे काय म्हणतो ते बाजूलाच पडतं. त्यापुढे तो फोटोओळीबद्दल बोलतो. अशा फोटोंना यापुढे फोटोओळ अनिवार्य होणार, असं तो म्हणतो. म्हणजे गुन्ह्याची जागा ही त्याच्यासाठी भावावस्था नव्हती, पुराव्याची गोष्ट होती. निशाणीची.

आकड्यांचं कोडं मारिया मॉरिस हॅम्बर्ग या अभ्यासिकेनं सोडवलं. जॉन झारकोव्स्कीबरोबर तिनं म्युझियमसाठी १९८१ ते ८५ या काळात आत्जेवरचे चार खंड काढले. तोवर लोक आकडे कालक्रमानं लागतात असं धरून कलावंत म्हणून आत्जेचा ‘विकास’ शोधत होते, आणि तो सापडत नव्हता. हॅम्बर्गनं दाखवलं की आकडे विषयवार मालिकांचे आहेत, आणि प्रत्येक मालिकेचे आकडे स्वतंत्र चालतात. गिऱ्हाइकानं मागितलेला विषय पटकन सापडावा म्हणून केलेली ती दुकानदाराची वही होती. यावरून रोझालिंड क्राउस या समीक्षिकेनं १९८२ साली रोखठोक प्रश्न विचारला : ज्याच्या कामाची रचना ग्रंथालयाच्या यादीनं ठरवली त्याला आपण ‘कलावंत’ आणि त्याच्या फोटोंना ‘कलाकृतींचा संभार’ का म्हणतो आहोत?

त्या शिरस्तेदारांनी वाचनालयात मला विचारलेला प्रश्न हाच होता. म्हणून क्राउस वाचताना मला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि ती बरोबर आहे हेही कळलं. तरी पूर्णपणे बरोबर नाही. का नाही ते आत्जेच्या दोन कामांवरून सांगतो.

पहिलं म्हणजे ‘पॅरिसमधली घरं, आतून’ अशा अर्थाच्या नावाचा, साठ फोटोंचा, १९१०चा संग्रह. फ्रेंच मला येत नाही, फोटोओळी मी शब्दकोश घेऊन लावल्या. अमुक रस्त्यावरच्या कामगाराचं घर, टोप्या करणाऱ्या बाईंचं घर, व्यापाऱ्याचं घर, शाँझेलिझेवरचं नटीचं घर. माणूस एकाही खोलीत नाही. पलंग, आरसा, शेगडी, पडदे एवढंच, आणि घरांखाली मालकाचा धंदा, बहुतेकदा नावाचं आद्याक्षर आणि रस्ता. वाटतं, शहराची पाहणी चालली आहे. मॉली नेस्बिटनं आत्जेच्या संग्रहांवर १९९२ साली पुस्तक लिहिलं. तिच्या संशोधनातून पुढे आलं की ‘वावँ रस्त्यावरच्या नाटकातल्या नटाचं छोटं घर’ म्हणून दाखवलेल्या खोल्या खुद्द आत्जेच्या घरातल्या आहेत. पत्ता खोटा, आद्याक्षर खोटं.

मी या पानापाशी फार दिवस थांबलो. फोटोओळ हवी, आकडा हवा, असं म्हणणाऱ्याचं इथे काय होतं? इथे ओळच फसवते आहे. पण ती पूर्ण खोटीही नाही, कारण आत्जे एकेकाळी नट होताच. मला वाटतं, संग्रहाला एका प्रकारचं घर कमी पडत होतं, म्हणून त्यानं आपलं घर भरीला घातलं. तसं करताना मालकाचा धंदा मात्र त्यानं सुटलेला लिहिला. याचा अर्थ काय लावायचा ते प्रत्येकानं ठरवावं. मात्र ओळ तपासल्याशिवाय तो प्रश्नच उभा राहत नाही. नुसत्या डोळ्यांना ती दुसऱ्या खोल्यांसारखीच एक खोली दिसते, आणि आपण रिकाम्या खुर्चीवर कविता करून मोकळे होतो.

दुसरा फोटो १९०८चा. सेन नदीच्या धक्क्यावरचं ‘ओ ताँबूर’ नावाचं एक खानावळवजा मद्यगृह. फोटो घेतला तो दर्शनी भागाचा, पाटीचा आणि लोखंडी कामाचा. जुन्या दुकानांच्या पाट्या या आत्जेच्या ठरलेल्या मालिकांपैकी होत्या आणि त्यांना गिऱ्हाईक होतं. पण दाराच्या काचेमागे आतली माणसं येऊन उभी राहिली आहेत. बाहेर काळं कापड डोक्यावर घेऊन हा माणूस काय करतोय, म्हणून पाहत आहेत. त्याच काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंबही उमटलं आहे. ही माणसं कुणी मागितलेली नव्हती. लोहाराला त्यांचा उपयोग नव्हता, ग्रंथालयाला नव्हता. क्राउसच्या यादीत त्यांना रकाना नाही.

मात्र ती मागितलेली नव्हती हे आपल्याला कळतं, कारण काय मागितलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. मालिका ठाऊक नसती तर मी त्या चेहऱ्यांनाच फोटोचा विषय समजलो असतो आणि ‘काचेआडची माणसं’ असा आणखी एक लेख लिहिला असता. आधी फोटो कशासाठी काढला ते शोधायचं, त्या कामातून जे जे लागतं ते वजा करायचं, आणि मग काय उरतं ते पाहायचं. हे हिशेबनिसाचं काम आहे आणि त्यात वेळ जातो. ‘जुनी मुंबई’, ‘जुनं पुणे’ म्हणून रोज मोबाइलवर येणाऱ्या फोटोंच्या बाबतीत ते कुणी करत नाही. बिनतारखेचे, बिनजागेचे ते फोटो पाहून जो तो ‘काय दिवस होते!’ म्हणतो. दिवस कुणाचे होते आणि फोटो कुणी कशासाठी काढला, हे विचारलं की लोकांना ते रसभंग वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या अशा फोटोंमध्ये गोऱ्या साहेबांनी गोऱ्या पर्यटकांना विकायला काढलेली पोस्टकार्डंही पुष्कळ असतात, आणि आम्ही त्यांत आपलं हरवलेलं घर पाहतो.

निशाणी चौतीस मी पुन्हा बाहेर काढली. आता भिंत वजा केली. टेप वजा केली. उजेड-सावली वजा केली, कारण ती भिंतीसाठी होती. बाईचं उभं राहणंही वजा केलं. मग भिंग घेतलं. तिच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांपासून फाकलेली आहेत, हात अंगापासून जरा दूर धरलेला आहे. ओला किंवा पिठाचा हात लुगड्याला लागू नये म्हणून धरतात तसा. तिला कामातून उठवून आणलं आहे. फोटो होईस्तोवर उभं राहायचं, मग परत आत जायचं. डावा हात पोराच्या डोक्यावर आहे, आणि पोराचं डोकं हललेलं आहे, हात हललेला नाही.

हा हात कोर्टाला नको होता. पहिल्या लेखात तो मलाही दिसला नव्हता, कारण मी तिच्या अर्ध्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

त्या गृहस्थांना मी नंतर एकदा विचारलं, दाव्याचा निकाल काय लागला असेल, भिंत कुणाची ठरली, हे शोधता येईल का? ते म्हणाले की नुसत्या निशाणीवरून नाही. दाव्याचा नंबर, साल आणि कोर्ट हवं, आणि मुदत संपली की कागद नष्ट करतात. हा फोटो रद्दीत आला तो बहुतेक एखाद्या वकिलाच्या घरून. त्यांनी सही ओळखायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

पाकिटावर मी पूर्वी ‘उंबरठा’ असं लिहून ठेवलं होतं. ते खोडून आता ‘नि. ३४, भिंतीचा दावा, गाव व साल नाही’ असं लिहिलं आहे. खाली पेन्सिलीनं : ‘उजवा हात पाहा.’