साक्ष कोणाची?

'स्मृतिचित्रे' मी तीन वेळा वाचले. पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून, दुसऱ्यांदा वर्गात शिकवायचे म्हणून. तिसऱ्यांदा वाचले ते मावशीला माती देऊन आल्यावर. या तिसऱ्या वाचनात जे खटकले ते येथे मांडतो.

माझी मावशी ख्रिस्ती होती. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात महारवाड्याच्या टोकाला पत्र्याचे प्रार्थनामंदिर आहे. तिथे ती साठ वर्षे दर रविवारी जात राहिली. आम्ही बौद्ध. १९५६ नंतर एकाच वाड्यात दोन वाटा झाल्या, तरी बाळंतपणाला आणि मयतीला आम्ही एकच होतो. तेव्हा हे मंडळीत बसणाऱ्याचे लेखन नाही. भिंतीला भिंत लागून राहिलेल्या माणसाचे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्याच्या वाङ्मयीन थोरवीविषयी वाद नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. मधल्या काळात नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. हे सोवळे कसे गळून पडले ते त्या स्वतःवरच हसत सांगतात. ते हसणे प्रामाणिक आहे. जातीचा अहंकार इतक्या सरळपणे आपल्या अंगावरून उतरवून दाखवणे सोपे नव्हते.

पण यातून मराठीला पाणी घेणाऱ्याची कथा मिळाली, पाणी देणाऱ्याची मिळाली नाही. ज्यांच्या हातचे पाणी घ्यावे की नाही हा प्रश्न होता, त्या महार-मांग ख्रिस्ती बायांच्या मनात काय चालले होते? प्रभूच्या घरी सगळे एक, असे ज्यांनी ऐकले होते, त्यांनी शेजारी वेगळा ठेवलेला हंडा पाहिला तेव्हा त्या काय बोलल्या? याचे उत्तर लक्ष्मीबाईंकडे मागणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपले सांगितले. दुसरी बाजू कोणी का लिहिली नाही, हा खरा प्रश्न आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास सांगताना समीक्षक बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटना'पासून निघतात आणि टिळकांच्या 'ख्रिस्तायना'पाशी थांबतात. एकात उच्चवर्णीय विधवांचे दुःख, दुसऱ्यात प्रतिभावंत कवीची भक्ती. खेड्यातल्या मंडळीत सतरंजीवर बसलेला माणूस या इतिहासात फक्त श्रोता आहे. आणि हे कोणत्या परंपरेत घडले? मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्या 'ज्ञानोदया'ने छापला, त्याच परंपरेत. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. पान मात्र तिला मिशनच्या नियतकालिकाने दिले.

मावशी निरक्षर होती, पण मुकी नव्हती. बुधवारच्या प्रार्थनासभेत ती उभी राहून साक्ष देई. देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते मंडळीसमोर सांगणे, ही साक्ष. लहानपणी दाराशी बसून मी ती ऐकलेली आहे. सुरुवात ठरलेली : मी पापी होते, अंधारात होते. शेवट ठरलेला : प्रभूने धीर दिला. मधे मात्र १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना सोललेले हात येत, गेलेले मूल येई, शेजारणीने आपल्यातली अर्धी भाकरी दिली ती येई. गावच्या विहिरीवरून हाकलले ते कधीच येत नसे. ते घरी, चुलीपुढे निघे. मी एकदा विचारले, "मावशे, विहिरीचं तिथं का न्हाई सांगितलंस?" ती म्हणाली, "ते काय माझं पाप हाय का? साक्षीत आपलं पाप सांगायचं आसतं, दुसऱ्याचं न्हाई."

या एका वाक्यात ख्रिस्ती दलिताच्या अलिखित साहित्याचे सगळे दुखणे आहे.

बाबासाहेबांनी हे दुखणे ओळखले होते. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे त्यांचे लेखन १९८९ मध्ये इंग्रजी खंडांच्या पाचव्या भागात प्रसिद्ध झाले. तुझी अधोगती तुझ्या पापामुळे आहे असे शिकवल्यावर माणूस भोवतालच्या समाजव्यवस्थेशी झगडायला उठत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. तो मला मान्य आहे. पण त्या आक्षेपाची ढाल करून आम्ही मावशीसारख्यांकडे पाठ फिरवली, हे मान्य नाही.

'पोटासाठी बाटले' हे आमच्याही तोंडी असते. पोटासाठीच असते तर मिशनचा हात आखडल्यावर ते का टिकले? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले. शिखांना १९५६ मध्ये आत घेतले, बौद्धांना १९९० मध्ये. म्हणजे मला दाखला मिळाला, मावशीच्या मुलाला नाही. एक कागद बदलला असता तर त्याचे भागले असते. त्याने बदलला नाही. याला लाचारी म्हणायचे की निष्ठा? धीर हा शब्द आम्ही शरणागतीच्या खात्यात टाकून मोकळे झालो. मार खाऊन गप्प बसणे हा एक धीर, आणि फायदा दिसत असून आपली माणसे न सोडणे हा दुसरा. या दोहोंतला फरक आम्ही कधी केला नाही.

अर्थात मंडळीचे गोडवे गाण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. प्रभुभोजनाला महार आणि मांग एकाच प्याल्याला ओठ लावीत. गावात दुसऱ्या कुठल्याही जागी हे घडत नव्हते. पण मावशीच्या नातीने मांगवाड्यातला, त्याच मंडळीतला मुलगा पसंत केला तेव्हा सहभागितेवर प्रवचने देणारी वडील मंडळी महिनाभर घरी येईनात. रोटीव्यवहार देवाच्या मेजावर झाला, बेटीव्यवहार दाराबाहेर अडला. मावशी मात्र नातीच्या बाजूने उभी राहिली. त्या बुधवारी तिने साक्ष दिली की नाही, मला ठाऊक नाही.

'बलुतं' १९७८ मध्ये आले, 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये, 'तराळ-अंतराळ' १९८१ मध्ये. आम्हाला आमचा आवाज सापडला. त्या दिवसांत आम्ही ख्रिस्ती भावंडांना हाक मारली नाही. तमिळमध्ये बामा यांनी १९९२ मध्ये 'करुक्कू' लिहून चर्चमधली जात चव्हाट्यावर आणली. दलित ख्रिस्ती बाईचे आत्मकथन कोणत्या ताकदीचे असू शकते ते त्या पुस्तकाने दाखवले आहे.

हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न नाही. सूसाई या ख्रिस्ती चर्मकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले की धर्मांतरानंतर जात उरली एवढे दाखवून भागणार नाही. तिचा जाच नव्या धर्मातही तितक्याच तीव्रतेने चालू आहे हे दाखवले पाहिजे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तोही याच प्रश्नासाठी. न्यायालय पुरावा मागते, आयोग पुरावा मागतो. आणि पुरावा चुलीपुढे सांगून संपलेला असतो. मंडळीतली साक्ष आणि कोर्टातली साक्ष हा एकच शब्द आहे, पण मावशीला तो दोन्हीकडे पुरता वापरता आला नाही. एकीकडे दुसऱ्याचे पाप सांगायची मुभा नव्हती, दुसरीकडे तिला कोणी बोलावले नाही.

म्हणून मंडळीतल्या शिकल्यासवरल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. आजीची साक्ष लिहून काढा. तिचा देव काढून टाकू नका. तो तिचा आहे. फक्त तिने गाळलेली विहीर परत आणा, आणि मंडळीतल्या वडिलांचे बंद दारही लिहा.

आणि आपल्या नियतकालिकांनी त्यांना पान द्यावे. १८५५ मध्ये त्यांनी आपल्या एका मुलीला दिले होते. ते देणे अजून फिटलेले नाही.