खारभूमी आणि प्रचाराचा रंगमंच

रायगडच्या किनाऱ्यावर शेतीसुधारणेच्या प्रचारार्थ होणाऱ्या नाट्याचा विचार करू लागले असता प्रथम हे जाणवते की, ज्या मुलखात लोकरंगभूमीला वादाची इतकी जुनी सवय आहे, तेथे हे प्रचारनाट्य मात्र वाद टाळूनच उभे राहते. दक्षिण रायगडातील कुणबी वाड्यांत गणेशोत्सवात रंगणारा शक्ती-तुरा हा मुळातच दोन पक्षांचा सामना. एका शाहिराने सवाल टाकावा, दुसऱ्याने तो उलटवावा, ही त्याची वहिवाट. याउलट अनुदानावर बसवलेल्या पथनाट्यात अडाणी शेतकरी, शहाणा अधिकारी आणि अखेरीस घोषणा एवढाच ऐवज बहुधा आढळतो, आणि शेतकऱ्याची शंका ही अधिकाऱ्याच्या तयार उत्तराची केवळ पायरी ठरते.

प्रचार आणि कला यांचे जन्मजात वैर आहे, असे मात्र मी मानीत नाही. जोतीराव फुल्यांच्या १८५५ च्या 'तृतीय रत्न'मध्ये उपदेश भरपूर आहे. तथापि फसवल्या जाणाऱ्या कुणबी दांपत्याच्या कथेत वारंवार आडवा येणारा विदूषक प्रेक्षकाला स्वस्थ बसू देत नाही. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले, हे एका अर्थी त्याच्या धारेचे प्रशस्तिपत्रकच होय.

येथील शेतीत विषयांचा दुष्काळ मुळीच नाही. किनाऱ्यापासून आत, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा भात तंत्रात नांगरट आणि चिखलणी वर्ज्य असल्याने जमिनीचा पोत टिकतो, गांडुळे परततात. पण नांगर थांबला की तणाचा बंदोबस्त तणनाशकावर सोपवावा लागतो. माती राखण्यासाठी विष किती पत्करावे, हा सवाल कोणत्याही शाहिराने आनंदाने उचलावा असा आहे. प्रचारपत्रकाला मात्र तो अडचणीचा वाटतो.

त्याहूनही नाट्यमय आहे तो पेण-अलिबागच्या खारेपाटातील बांध. उधाणात त्याला खांड पडली की खारे पाणी शेतांत शिरते, आणि पनवेलच्या संशोधन केंद्राने दिलेली क्षारसहिष्णु भातवाणेही त्यापुढे एका मर्यादेपर्यंतच टिकतात. येथे एकट्या शेतकऱ्याने शहाणे होऊन भागत नाही, कारण बांध एकाचा नसतो. पूर्वीच्या शिलोत्री पद्धतीत त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी स्थानिक होती. १९४८ च्या खारभूमी कायद्यापासून ती क्रमाक्रमाने सरकारी दफ्तराकडे सरकली. खांड बुजवायची कोणी, गावाने की सरकारने, या एका प्रश्नात पात्रे, संघर्ष आणि काळाचा ताण हे सारे आयतेच हाती येते. परंतु त्यात सरकार हा एक पक्षकार असल्यामुळे सरकारी खर्चाच्या नाटकात तो यावा तरी कसा!

बंगालमध्ये, जेथील सुंदरबनात खाऱ्या पाण्याशी बांधाचा असाच झगडा चालतो, 'जन संस्कृती' ही १९८५ मध्ये स्थापन झालेली संस्था नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआलच्या पद्धतीने ग्रामीण प्रेक्षकालाच रंगमंचावर बोलावून कथानक फिरवायला लावते. आपल्याकडे तर या पद्धतीची अर्धी तजवीज शक्ती-तुऱ्याने केव्हाच करून ठेविली आहे. एका पक्षाने खारभूमी खात्याची बाजू घ्यावी, दुसऱ्याने खारेपाटाची. आणि बिदागी गावाच्या वर्गणीतून द्यावी, म्हणजे कोणत्याही सवालाला आगाऊ मंजुरी लागणार नाही.