परतलेला बेंजो

पेण-रोह्याकडच्या हळदींना बेंजो पुन्हा वाजू लागलाय, याचा मला मनापासून आनंद आहे. मधली काही वर्षं डीजेच्या भिंतींपुढे त्याचा आवाजच उरला नव्हता. सुपाऱ्या आटल्या, जमलेल्या पार्ट्या मोडल्या, चांगले हात दुसऱ्या कामाला लागले. आता नव्या पोरांच्या पार्ट्या टेम्पोवर उभ्या राहतात, यूट्यूबवर त्यांची रेकॉर्डिंगं येतात आणि ती ऐकून लोक तारखा धरतात. ही रेकॉर्डिंगं मीही आवर्जून ऐकतो. तरी ऐकून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आमच्या भागाचा इलेक्ट्रॉनिक बँड म्हणजे बेंजो पार्टीच. वाद्य मूळचं जपानी. 1912 साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारवाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो घडवलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग म्हणून आलं, मग त्याला पिकअप बसला, इको लागला आणि घरात बसून वाजवायचं नाजूक वाद्य वरातीपुढे आलं.

त्याची एक मोठी अडचण आहे. कळ दाबली की ठरलेला सूरच निघतो. सतारीसारखी तार ओढून मींड घेता येत नाही. सूर लांबवायचा तर उजव्या हातानं त्याच तारेवर सपासप आघात करत राहायचं. त्या थरथरीतून गळ्याचा भास उभा करणं, ही बेंजो मास्तराची खरी विद्या. कोळीगीताची ओळ संपता संपता जुना मास्तर शेवटचे दोन-तीन सूर धरून ठेवायचा, ताशेवाल्याकडे बघायचा, आणि ताशा त्या सुरांना उत्तर द्यायचा. नाचणाऱ्यांचे पाय जड झाले की लय थोडी सैल पडायची, पोरं पेटली की चढायची. सहा मात्रांचा तो डुलणारा ठेका कुणी मोजून वाजवत नव्हतं.

नव्या रेकॉर्डिंगांत नेमकी हीच जागा बुजली आहे. सॅम्पलिंग पॅडवर ठेका आधीच भरलेला असतो, त्याची गती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसूभर हलत नाही. खालचा बेस छाती हादरवतो, पण ठेक्यातला झोका सपाट होतो. मास्तराची बोटं पूर्वीपेक्षा चपळ आहेत, सूर स्वच्छ आहेत, तार बेसूर लागत नाही. हे श्रेय या पोरांना द्यायलाच हवं. पण त्यांना थांबायला जागा मिळत नाही. ताशा तर पार मागे, गोंगाटात गेलेला.

यंत्राला दोष देऊन मी सुटणार नाही. बेंजो पार्टी विजेवरच वाढली. यंत्राची लय शोभतेही. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक बँडचंच बघा. त्यांनी 1986 नंतर नव्या गाण्यांचा अल्बम थेट 2003 साली काढला, सायकलच्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीवर. तिथे यंत्राची न ढळणारी लय हाच संगीताचा विषय आहे, म्हणून ती शोभते. आमच्या संगीताचा विषय नाचणारा माणूस आहे. त्याच्यासाठी लय ढळायलाच हवी.

रोह्यात धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. अशा पालखीपुढचा रायगडचा खालूबाजा ज्यानं जवळून ऐकलाय, त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सनई, ढोल, टिमकी. वाजवणारे एकमेकांकडे कान लावून असतात, सनईनं वळण घेतलं की टिमकी वळते. जुन्या बेंजो पार्टीनं हे ऐकणं तिथूनच उचललं असावं, असं मला फार वाटतं.

जुन्या मास्तरांचं वादन बहुतेक नोंदलंच गेलं नाही. वरात संपली की तेही संपलं. त्यामुळे नवी पिढी रेकॉर्ड करतेय, ही मोठीच गोष्ट आहे, आणि म्हणूनच मागणं थोडं वाढवतो. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपती निघतात, तेव्हाचं एखादं वादन रस्त्यावरच, पॅड बंद ठेवून रेकॉर्ड करा. ताशाला वेगळा माइक द्या. मास्तर चुकला तर चूक राहू द्या, कापू नका.